उंचीची फळी

गणपती झाले की मंडळाच्या संपादकांचा फोन येतो. "यंदा स्मरणिकेसाठी काहीतरी लिहाच. प्रवासवर्णन नको, ती चार आली आहेत." मी पेशाने इंजिनिअर. लिहिण्यापेक्षा मोजण्यात आयुष्य गेलेले. तेव्हा मोजण्याबद्दलच लिहावे असे ठरवले.

आमच्या ऑकलंडच्या घरात हॉलच्या भिंतीवर एक लाकडी फळी आहे. एक मीटर साठ सेंटीमीटर लांब, चौदा सेंटीमीटर रुंद. तिच्यावर सेंटीमीटरच्या खुणा आहेत आणि मुलांच्या उंचीच्या रेघा. घरी येणारे पाहुणे म्हणतात, "अरे वा, स्वतः केलीत? छान!" मी "हो" म्हणतो आणि विषय बदलतो. कारण या फळीने मला एक प्रश्न घातला, आणि तो सुटायला बरीच वर्षे लागली. आपल्या मुलांना आपण मोजावे का?

प्रश्न फळीपेक्षा जुना आहे. तो सुरू होतो साताऱ्याला, आमच्या जुन्या घराच्या माजघराच्या चौकटीपाशी.

ती चौकट सागवानी होती. गुढीपाडव्याला गुढी उभारून झाली, कडुलिंबाची चटणी खाऊन तोंड वाकडे करून झाले, की अण्णा कानावरची पेन्सिल काढायचे. आधी दादा, मग मी. टाचा चौकटीला, पाठ ताठ, नजर समोर. डोक्यावर गुण्या ठेवायचा आणि रेघ मारायची. हा गुण्या अण्णांनी आळीतल्या सुतारकाकांकडून मागून आणलेला असायचा. रेघेशेजारी साल लिहायचे. आजी स्वयंपाकघरातून ओरडायची, "अरे, पोरांना असं मोजू नये! वाढ खुंटते!" तिच्या हिशेबात झोपलेल्या मुलाला ओलांडले तरी वाढ खुंटायची, त्यामुळे तिचे कोणी मनावर घेत नसे.

दादा माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठा आणि बांध्याने उंच. त्याची रेघ दरवर्षी टुणकन वर जायची. माझी मात्र हळूहळू सरकायची. एका पाडव्याला, १९८५ सालची गोष्ट असेल, अण्णांनी रेघ मारली, मागच्या वर्षीच्या रेघेकडे पाहिले आणि म्हणाले, "तू अजून तिथेच! तसूभरसुद्धा हलला नाहीस." ते हसत म्हणाले. त्यांच्या मनात काही नव्हते. पण पुढच्या पाडव्याला मी टाचांखाली पुठ्ठ्याचे दोन तुकडे ठेवले आणि पकडला गेलो. त्या दिवशी श्रीखंड गोड लागले नाही एवढे आठवते.

आता गंमत अशी, की 'तसू' म्हणजे काय हे तेव्हा मला ठाऊक नव्हते. चोवीस तसूंचा एक गज. आपल्या जुन्या मापांपैकी बोट, वीत, हात आणि तसू ही मापे बाजारातून केव्हाच गेली. उरली ती बोलण्यात. 'तसूभर' हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो स्वतःबद्दल.

ते घर २०१२ साली विकले. बिल्डरने पाडले, तिथे आता चार मजली इमारत आहे. तेव्हा मी इकडे येऊन चार वर्षे झाली होती. जुनी भांडी, देव्हारा, आजीची पितळी अडकित्ता यांची नीट वाटणी झाली. चौकटीचे काय झाले, हे कोणी विचारले नाही. मीही नाही. जुन्या सागवानाला भाव असतो, ती कुठेतरी गेली असणार. मला तिची आठवण झाली ती पुढे दोन वर्षांनी, माझ्या मुलीने "बाबा, मी मोठी झाले का?" असे विचारले तेव्हा.

आम्ही तेव्हा माउंट रॉस्किलला भाड्याच्या घरात राहत होतो. भाड्याच्या घरात भिंतीवर पेन्सिलची रेघ मारायची म्हणजे घर सोडताना बॉंडचा विचार आलाच! आपल्यापैकी बहुतेकांची इकडची पहिली वर्षे अशीच जातात. खिळा ठोकायलाही परवानगी लागते. मुलांची वाढ मात्र परवानगीसाठी थांबत नाही.

मोजमाप तसे सुरूच होते. न्यूझीलंडमध्ये बाळ जन्मले की हातात एक पुस्तिका येते, पूर्वीच्या पिढ्या तिला प्लंकेट बुक म्हणत. सर ट्रूबी किंग या डॉक्टरांनी १९०७ साली डनीडिनला प्लंकेट संस्था सुरू केली. गव्हर्नरांच्या पत्नी लेडी प्लंकेट यांचे नाव तिला मिळाले. बालमृत्यू कमी व्हावेत, आयांना नीट माहिती मिळावी, हा हेतू. आजही त्यांची नर्स घरी येते, बाळाचे वजन करते, लांबी मोजते आणि आलेखावर ठिपका देते.

आमच्या मुलीचा ठिपका पंचविसाव्या पर्सेंटाइलच्या रेषेवर पडला. नर्स म्हणाली, "लव्हली!" रात्री मी अण्णांना फोनवर सांगितले.

"पंचवीसच?" अण्णा म्हणाले. "अरे, पस्तीसला पास करतात!"

मी त्यांना समजावले, की ही परीक्षा नव्हे. शंभर निरोगी मुले उंचीप्रमाणे ओळीत उभी केली तर आपली मुलगी पंचविसावी, इतकाच त्याचा अर्थ. ओळीत कोणीतरी पंचविसावे असणारच. सगळे नव्व्याण्णवावे कसे असतील? अण्णांना पटले, पण "जरा तूप घालत जा वरणावर" हेही त्यांनी सांगितले. हसू नका वाचकहो. पुस्तिकेतला तो आकडा पाहून तुमच्याही पोटात एकदा तरी गोळा आला असेलच. आपण गुणपत्रिकेवर वाढलेली माणसे. आकडा दिसला की आपण आधी शेजारच्याचा आकडा विचारतो.

२०१५ साली फळी करायला घेतली. सुतारकामाचा अनुभव शून्य. पण आमच्या शेजारी एक कीवी आजोबा राहत. त्यांच्या गराजमध्ये रंधे, करवती, पटाशा अगदी देवघरासारख्या मांडून ठेवलेल्या. त्यांनी मला पाडलेल्या घरांचे जुने लाकूड विकणाऱ्या एका यार्डात नेले. तिथे रिमूची एक फळी मिळाली. रिमू हे इथले देशी झाड, अतिशय सावकाश वाढणारे. सरकारी जमिनीवरच्या देशी जंगलांची तोड २००२ साली थांबली, त्यामुळे चांगला रिमू बऱ्याचदा असा जुन्या घरांतूनच मिळतो. आमची फळी कुणाच्या तरी घराच्या जमिनीत होती. तिच्यात खिळ्यांची भोके होती. मी ती लांबी भरून बुजवायला निघालो, तर आजोबा म्हणाले, "राहू दे. तिचे वय आहे ते."

रंधा मारल्यावर आतून मधासारखा तांबूस रंग वर आला आणि बारीक बारीक रेषा दिसू लागल्या. झाडाची वलये. जिथे रेषा दाट, ती वर्षे हलाखीची, जिथे विरळ, ती सुखाची. झाडाला कोणी चौकटीला उभे केले नव्हते. त्याने आपली नोंद स्वतःच ठेवली होती, आणि ती झाड कापल्यावरच दिसली. मी त्या नोंदीवर माझ्या मुलांची नोंद ठेवणार होतो, याचे तेव्हा थोडे दडपण आले.

तीन वीकेंड काम चालले. काटकोन लावून दर सेंटीमीटरला खूण, दर दहाला लांब खूण, आकडे मराठीत. फळी स्कर्टिंगच्या वर टांगायची, म्हणून तिचे खालचे टोक जमिनीपासून बरोबर वीस सेंटीमीटरवर, आणि आकडे वीसपासून सुरू. बारीक पॉलिश पेपरने घासली, जवसाच्या तेलाचे तीन हात दिले. सातारची चौकट गेली होती. ही फळी मात्र घर बदलले तरी खांद्यावर टाकून नेता येणार होती. परदेशात राहणाऱ्याला असलीच चौकट हवी, असे मला वाटले.

पहिल्या रेघा मारल्या आणि साताऱ्यासारखेच पाडव्याला मोजायचे ठरले.

२०१८ च्या जानेवारीत आम्ही स्वतःच्या घरात आलो. फळी हॉलमध्ये लाकडी जमिनीवर मोजून लावली. इथली जुनी घरे थंडीत किती गार पडतात हे मी सांगायला नको! त्या हिवाळ्यात आम्ही घरभर कार्पेट घातले. पुढच्या पाडव्याला मुले मोजली, तर दोघेही चांगली वाढलेली. आनंदीआनंद! मग धाकटा म्हणाला, "बाबा, आता तू." मी उभा राहिलो. वयाच्या पंचेचाळिशीत माझी उंची दीड सेंटीमीटरने वाढली होती. पत्नीचीही तेवढीच.

दोन मिनिटे कोणाच्या लक्षात येईना. मग मुलगी खाली बघत म्हणाली, "बाबा, कार्पेट!"

फळी होती तिथेच होती, पायांखालची जमीन उंचावली होती. आम्ही पोट धरून हसलो आणि फळी दीड सेंटीमीटर वर सरकवली. पण ती गोष्ट माझ्या मनातून गेली नाही. या देशात आल्यापासून मी जो 'वाढलो' असे सातारला सगळे म्हणतात, त्यातली वाढ किती आणि कार्पेट किती? स्वच्छ हवा, फुकट शाळा, वेळेवर मिळणारा दवाखाना, रांगेत कोणी न घुसणे... या सगळ्यावर मी उभा आहे. आणि सातारला राहिलेल्या माझ्या हुशार मित्राची उंची मी या कार्पेटवरून मोजतो. कोणाचीही उंची मोजण्याआधी त्याच्या पायांखाली काय आहे ते पाहावे, हा फळीने शिकवलेला पहिला धडा.

दुसरा धडा मात्र हसत हसत मिळाला नाही.

२०२० साली मार्चमध्ये न्यूझीलंडच्या सीमा बंद झाल्या. ऑगस्टमध्ये अण्णा गेले. मी जाऊ शकलो नाही. दादाने मोबाइल धरला आणि मी ऑकलंडच्या खोलीत बसून सगळे पाहिले. तुमच्यापैकी कित्येकांनी ही वेळ अनुभवली आहे, तिच्याबद्दल अधिक लिहीत नाही.

१३ एप्रिल २०२१ ला पाडवा होता. अण्णांच्या माघारी सण नव्हताच, पण मुलांसाठी म्हणून मी फळीपाशी गेलो. मुलगी दहा वर्षांची, धाकटा साडेआठचा. आधी त्याला मोजले, १३४. मग तिला, १३३. तो तिच्या पुढे गेला होता. तो अर्थातच नाचायला लागला. मी तिच्या मागच्या वर्षीच्या रेघेकडे पाहिले आणि माझ्या तोंडून शब्द गेले, "तू अजून तिथेच की गं!"

आवाज माझा होता, वाक्य अण्णांचे होते. हसण्याची तऱ्हासुद्धा त्यांचीच असावी.

मुलगी काही बोलली नाही. खोलीत गेली. रात्री जेवताना इतकेच म्हणाली, "मी परत तिथे उभी राहणार नाही."

त्या रात्री मला झोप लागली नाही. आजी म्हणायची तेच खरे की काय? पोरांना मोजले की वाढ खुंटते. शरीराची नसेल, पण आतले काहीतरी खुंटते. फळी काढून गराजमध्ये ठेवावी असे वाटले.

पण मी मोजण्याच्या धंद्यातला माणूस. मोजण्याला सरसकट पाप म्हणणे मला जमेना. आपल्याकडे २ ऑक्टोबर १९७५ पासून अंगणवाडीची योजना सुरू झाली. अंगणवाडीताई मुलांना काट्यावर तोलतात, उंची मोजतात. का? कारण उपाशी मूल नेहमी उपाशी दिसत नाही. ते नुसते लहान दिसते. आई म्हणते, आमच्याकडे सगळे ठेंगणेच. मोजल्याशिवाय कळत नाही, की हे ठेंगणेपण वंशाचे नसून ताटातले आहे. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची सुमारे ३५ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आढळली. मेळघाटातल्या मुलाला न मोजणे ही त्याच्यावर केलेली माया नव्हे. ते त्याच्याकडे डोळेझाक करणे आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली बालवाढीचे जे आलेख प्रसिद्ध केले, त्यांच्यासाठी सहा देशांतली सुमारे साडेआठ हजार मुले मोजली होती. ब्राझील, घाना, नॉर्वे, ओमान, अमेरिका आणि आपली दिल्ली. चांगले खाणे, आईचे दूध, स्वच्छ घर मिळाले तर लहानपणी सगळीकडची मुले जवळजवळ सारखीच वाढतात असे दिसले. मुलांच्या लांबीत जो फरक होता, त्यातला जेमतेम ३ टक्के देशादेशांतला होता. सुमारे ७० टक्के फरक एकाच गावातल्या मुलामुलांतला होता. न्यूझीलंडने २०१० साली हेच आलेख स्वीकारले. आमच्या मुलीचा तो पंचविसावा ठिपका याच आलेखावरचा. इतकी माया आणि इतका न्याय एका मोजपट्टीत असू शकतो.

आणि त्याच मोजपट्टीची दुसरी बाजूही आहे. ट्रूबी किंग यांचेच पाहा. त्यांच्या मोहिमेने आयांना स्वच्छता शिकवली, बाळांकडे देशाचे लक्ष वेधले. पण दूध पाजायचे ते घड्याळ पाहून, दर चार तासांनी, आणि मधे रडले तरी उचलून लाडावायचे नाही, हीसुद्धा त्यांचीच शिकवण. कितीतरी आया दाराबाहेर घड्याळाकडे बघत उभ्या राहिल्या असतील, आत बाळ रडत असताना. तिथे मोजमाप बाळासाठी राहिले नाही, बाळ मोजमापासाठी झाले.

मग फरक कुठे पडतो? मी पुष्कळ विचार केला आणि मला सुचले ते असे. मोजल्यावर आपण काय करतो, तिथे फरक पडतो. अंगणवाडीताई आकडा पाहते आणि मुलाच्या ताटाकडे वळते. मी आकडा पाहिला आणि दुसऱ्या मुलाच्या आकड्याकडे वळलो. तिने मोजून मुलाला जवळ घेतले, मी मोजून ओळीत उभे केले.

फ्रान्समध्ये गेनो द माँबेयार नावाचे एक सरदार होऊन गेले. त्यांनी १७५९ ते १७७७ अशी अठरा वर्षे, साधारण दर सहा महिन्यांनी, आपल्या मुलाची उंची मोजली. त्यांचे मित्र बुफाँ यांनी ती आपल्या ग्रंथात छापली. एकाच मुलाची जन्मापासून अशी सलग नोंद आधी कोणी ठेवलेली आढळत नाही, वाढीचे शास्त्र शिकणारे आजही तिच्यापासून सुरुवात करतात. मला त्यात आवडते ते हे, की त्या नोंदीत दुसरे मूल नाही. तो मुलगा फक्त आपल्या कालच्या रेघेशेजारी उभा आहे.

याच सुमारास मी दादाला फोन केला. इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर विचारले, "दादा, माजघराच्या चौकटीचं काय झालं रे?"

"बिल्डरला दिली. मला विचारलं होतं त्याने, ठेवायची का म्हणून. मीच नको म्हटलं."

"का? तुझ्या रेघा तर कायम वर असायच्या."

तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "तुला आठवत नाही. माझी रेघ मारून झाली की अण्णा म्हणायचे, 'नुसती उंचीच वाढतेय, गणितात धाकटा पुढे जाईल.' दरवर्षी. मला ती चौकट बघवायची नाही."

पस्तीस वर्षे मी समजत होतो, की त्या चौकटीने फक्त मला दुखावले. उंच भावालाही ती बोचत होती. ओळीत उभे केले की पुढचाही सुखी नसतो. आणि अण्णा? अण्णा दोघांवर जीव टाकत. पेन्सिल घेऊन वर्षातून एकदा ते आम्हाला हात लावून सरळ उभे करत, खांदे दाबत, केस चपटे करत. जवळ घेण्याची त्यांना येणारी तेवढीच पद्धत होती, असे आता वाटते. माया खरी होती, माप चुकले होते.

त्या रविवारी मी मुलांना बोलावले आणि म्हटले, "आज फळी नाही. आज आपण हाताने मोजू." आपल्याकडे देहाला साडेतीन हात म्हणतात. मराठी माणसाला साडेतीनाचे वेडच आहे, मुहूर्त साडेतीन, पीठे साडेतीन, पेशवाईतले शहाणे साडेतीन! पण हे साडेतीन हात कोणाचे? चरकसंहितेत शरीराची उंची ८४ अंगुळे सांगितली आहे, आणि ती ज्याची त्याच्या बोटांनी. २४ अंगुळांचा एक हात, म्हणजे ८४ अंगुळांचे साडेतीन हात झाले. राजाची उंची राजाच्या हाताने, आणि पोराची पोराच्या.

मुलांनी एकमेकांचे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचे हात मोजले. मुलीचा हात ३६ सेंटीमीटर, उंची १३३. भागाकार ३.७. धाकट्याचा हात ३६, उंची १३४. पुन्हा ३.७. माझा हात साडेचव्वेचाळीस, उंची १६५. तेच ३.७! म्हणजे बरोबर साडेतीन नव्हे, थोडे जास्तच, पण तिघांचे सारखे. धाकट्याला वाटले जादू आहे. मुलीने पुन्हा एकदा स्वतः मोजून पाहिले. मग म्हणाली, "म्हणजे स्वतःच्या पट्टीने सगळे सारखेच?"

मी म्हटले, "आणि बाबा चुकला. त्या दिवशी तसं बोलायला नको होतं."

तिने "हं" म्हटले. लगेच मिठी वगैरे काही मारली नाही. मुले आपल्याला वाटते तितक्या सहज माफ करत नाहीत, आणि ते बरेच आहे.

त्यानंतर आमच्या फळीचे नियम बदलले. पाडव्याला एकत्र मोजणे बंद. ज्याचा त्याचा वाढदिवस, औक्षण झाल्यावर. मुलीच्या रेघा डाव्या कडेला, मुलाच्या उजव्या. ज्याला उभे राहायचे नसेल त्याने राहू नये. आणि रेघेशेजारी आकडा लिहायचा नाही, फळी तो सांगतेच. त्या वर्षातली एखादी गोष्ट लिहायची. 'पोहायला शिकलो.' 'दात पडला.' मुलीच्या बाजूला २०२२ ची जागा रिकामी आहे. ती उभी राहिली नाही. मी आग्रह केला नाही. त्या रिकाम्या जागेचीही आता मला सवय झाली आहे, फळीवरच्या खिळ्याच्या भोकांसारखी.

२०२३ च्या जानेवारीत आई इकडे आली. सीमा उघडल्यावर पहिल्यांदाच. एक दिवस दुपारी ती फळीपुढे उभी राहून चष्मा लावून सगळे वाचत होती. मग नातीला म्हणाली, "मला मोज बरं."

"आजी, तू कशाला?"

"अगं, लग्नात मी पाच फूट होते. बघू या किती शिल्लक आहे!"

मुलीने तिला उभे केले. टाचा मागे, आजी, नजर समोर. डोक्यावर पुस्तक ठेवून रेघ मारली. पाच फूट म्हणजे १५२. रेघ आली १४८ वर. मी दाराआडून पाहत होतो, माझ्या पोटात कालवले. आई मात्र हसायला लागली. "म्हणजे मी खाली निघाले आणि तू वर. मध्ये कुठेतरी भेटलोच की आपण!" मुलगी त्या वेळी १४५ होती. हे आम्हाला कळले, कारण आजीची रेघ मारून झाल्यावर ती आपण होऊन फळीला टेकून उभी राहिली आणि आजीच्या हातात पेन्सिल दिली.

आईच्या रेघेशेजारी मुलीने लिहिले आहे, 'आजी आली.'

त्या दोन शब्दांनी माझ्या प्रश्नाचे उत्तर दिले, असे मी समजतो. उंची कमी झाल्याची रेघही जर इतक्या आनंदाने मारता येते, तर ती रेघ वाढीची नाहीच. ती हजेरीची आहे. अमुक दिवशी हे माणूस इथे होते, ताठ उभे होते, आणि कोणीतरी त्याच्या डोक्यावर हात ठेवून म्हटले, 'तू इथवर आहेस.' यापलीकडे मोजण्यात माया नाही, आणि यापेक्षा जास्त मायेची गरजही नाही.

इथल्या माओरी लोकांत 'राकाऊ फाकापापा' नावाची काठी असते. तिच्यावर खाचा कोरलेल्या असतात, एकेक खाच म्हणजे एकेक पिढी. वंशावळ म्हणताना त्या खाचांवरून बोट फिरवत पूर्वजांची नावे घ्यायची. कोण उंच, कोण ठेंगणा, हे ती काठी सांगत नाही. कोणानंतर कोण, एवढेच सांगते. आणि माओरीत जमिनीला 'फेनुआ' म्हणतात, तोच शब्द वारेसाठीही आहे. बाळ जन्मले की वार आपल्या भूमीत पुरायची ही त्यांची रीत. आपणही म्हणतोच ना, 'जिथे नाळ पुरली ते गाव'? माझी सातारला पुरली. मुलांची इथे. कोणत्या गावाला त्यांनी आपले म्हणावे, हे मी ठरवू शकत नाही. पण दोन्ही गावांच्या रेघा ज्या फळीवर आहेत, ती मी त्यांना देऊ शकतो.

एक अडचण राहिलीच. फळी एक आणि मुले दोन. पुढेमागे ती कोणाकडे जाणार? मी हे मुलांना विचारले, तर धाकटा म्हणाला, "मधून उभी कापायची." मुलगी आता चौदा वर्षांची आहे, तिचे मत असे, "कापायची नाही. एक वर्ष माझ्याकडे, एक वर्ष त्याच्याकडे." सातारच्या चौकटीबद्दल आम्हा भावांना हे कधी सुचले नाही.

पुढच्या महिन्यात दादा पहिल्यांदाच न्यूझीलंडला येतो आहे. फळी एक मीटर ऐंशीपर्यंतच आहे, आणि दादा त्याहून थोडा उंच. मी त्याला फळीपाशी उभा राहा असे म्हणणार नाही. पण पेन्सिल तिथे खुंटीला बांधून ठेवली आहे, आणि गरज पडली तर वर भिंतीवर रेघ मारता येईल. आता भिंत आमची आहे.